संशयाचा फायदा

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' या चित्रपटाची गोष्ट सांगणारा माणूस बहुधा ती चुकीची सांगतो. मीही कित्येक वर्षे चुकीचीच सांगत होतो. एका निरपराध मुलाला मृत्युदंड होणार असतो, ज्यूरीतले अकरा जण त्याला दोषी ठरवून मोकळे व्हायला निघालेले असतात, आणि एकटा हेन्री फोंडा सगळ्यांची मने वळवून त्या मुलाचा जीव वाचवतो, असे काहीसे ते सांगणे असते. यातला 'निरपराध' हा शब्द सांगणाऱ्याच्या पदरचा आहे. सिडनी ल्युमेटच्या त्या शहाण्णव मिनिटांत मुलगा निरपराध असल्याचे कुठेही सिद्ध होत नाही. फोंडाचे पात्र तर तसा दावाही करीत नाही. खरा खुनी सापडत नाही, कुणी कबुलीजबाब देत नाही, शेवटच्या रिळात एखादी चिठ्ठी निघत नाही. बारा माणसे एका खोलीत शिरतात आणि काही तासांनी बाहेर पडतात. त्या मुलाने आपल्या बापाला भोसकले की नाही हे त्यांना अखेरपर्यंत कळलेले नसते आणि आपल्यालाही नसते. तरीही चित्रपट संपतो तेव्हा एक निरपराध जीव वाचला, अशा समाधानात आपण असतो. हे समाधान आपण आणले कुठून, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

(पुढे तीन चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत. रसभंग नको असेल त्यांनी ते आधी पाहावेत. तिन्ही पाहण्याजोगे आहेत.)

एका योगायोगापासून सुरुवात करतो. १९५६ च्या डिसेंबरात हिचकॉकचा 'द राँग मॅन' प्रदर्शित झाला, आणि १९५७ च्या एप्रिलात 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. दोन्हींत प्रमुख भूमिका हेन्री फोंडाची. पहिल्यात तो आरोपी आहे, दुसऱ्यात ज्यूरीतला आठवा सदस्य. अवघ्या चार महिन्यांत एकच नट न्यायालयाच्या दोन विरुद्ध जागांवर बसला, आणि दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: डोळ्यांनी पाहिले असे शपथेवर सांगणाऱ्या माणसावर कितपत विश्वास ठेवायचा?

'द राँग मॅन' ही घडलेली गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या स्टॉर्क क्लबमध्ये वाद्यवृंदात बास वाजवणाऱ्या मॅनी बॅलेस्ट्रेरोला १९५३ साली अटक झाली. बायकोच्या विमा पॉलिसीवर कर्ज मिळेल का, हे विचारायला तो विमा कंपनीच्या कचेरीत गेला होता, आणि पूर्वी याच कचेरीत दरोडा घालणारा माणूस हाच, असे तिथल्या बायकांना वाटले. पोलीस त्याला दुकानादुकानांतून चालवून दाखवतात. दरोडेखोराच्या चिठ्ठीतला मजकूर त्याच्याकडून लिहवून घेतात, तर एका शब्दाचे स्पेलिंग तो नेमके दरोडेखोराने चुकवले होते तसेच चुकवतो. हिचकॉक नेहमीप्रमाणे प्रेक्षकाला फसवत नाही. उलट, आरंभीच स्वतः पडद्यावर येऊन ही गोष्ट खरी असल्याचे सांगतो. त्यामुळे मॅनी निर्दोष आहे हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असते, आणि पोलिसांचा प्रत्येक सभ्य, नियमाला धरून केलेला प्रश्न आपल्या अंगावर येतो. अखेरीस ज्यूरीतला एक माणूस उलटतपासणीला कंटाळून उठतो आणि हे सगळे ऐकत बसण्याची गरज आहे का, असे न्यायाधीशांनाच विचारतो. तेवढ्यावरून तो खटला रद्द होतो, आणि पुन्हा चालण्यापूर्वी खरा दरोडेखोर पकडला जातो. तोवर मॅनीच्या बायकोच्या मनाचा तोल गेलेला असतो. व्हेरा माइल्सचे ते रिकामे डोळे दरोड्याच्या कथेपेक्षा जास्त काळ लक्षात राहतात.

हा चित्रपट उत्तम आहे. माझ्या मते हिचकॉकच्या कमी वाखाणल्या गेलेल्या चित्रपटांत अग्रभागी बसावा इतका. पण प्रेक्षकाचे काम तो सोपे करतो. आपण सत्य जाणणारे आणि न्यायालय न जाणणारे, अशी वाटणी झाली की आपल्याला फक्त हळहळायचे उरते. चुकीच्या शिक्षेवरचे बहुसंख्य चित्रपट याच वाटणीवर उभे असतात. आरोपी निर्दोष असल्याचे गुपित आपल्या कानात सांगून ठेवलेले असते आणि पडद्यावरच्या लोकांना ते कधी उमगते याची आपण वाट पाहत बसतो. न्यायाधीशाला किंवा ज्यूरीला असे कुणी कानात सांगत नसते. न्यायनिवाड्यातली जी मूळ अडचण, तीच चित्रपटाबाहेर राहते.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' ती अडचण आत घेतो. रेजिनाल्ड रोझने ही कथा प्रथम १९५४ साली दूरचित्रवाणीसाठी लिहिली होती. चित्रपट झाला तो तीन वर्षांनी, ल्युमेटच्या हातून, आणि तो ल्युमेटचा पहिलाच चित्रपट. खटला संपलेला आहे, न्यायाधीश कंटाळलेल्या आवाजात सूचना देत आहेत, आणि आपण खटल्याची एकही साक्ष ऐकलेली नाही. जे काही कळते ते ज्यूरीतल्या माणसांच्या बोलण्यातून. म्हणजे आपण ज्यूरीपेक्षाही अडाणी आहोत. ही योजना मला फार हुशारीची वाटते.

पुरावा असा आहे. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने मुलाची जिवे मारण्याची धमकी ऐकली, शरीर पडल्याचा आवाज ऐकला, आणि पंधरा सेकंदांत दार उघडून मुलाला पळताना पाहिले. रस्त्यापलीकडच्या बाईने, मधून जाणाऱ्या उन्नत रेल्वेच्या शेवटच्या दोन डब्यांच्या खिडक्यांतून, वार होताना पाहिला. खटका दाबताच पाते बाहेर येणारा चाकू मुलाने त्याच संध्याकाळी विकत घेतला होता. तो खिशाच्या भोकातून कुठेतरी पडला असे तो म्हणतो. त्या वेळी आपण चित्रपट पाहत होतो असेही म्हणतो, पण चित्रपटाचे नाव त्याला सांगता येत नाही. एवढे ऐकल्यावर कोणत्याही शहाण्या माणसाचा हात 'दोषी'च्या बाजूने वर जाईल. माझाही गेला असता.

पुढच्या दीड तासात यातल्या एकेका गोष्टीचे काय होते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्या चाकूसारखा दुसरा चाकू फोंडा टेबलावर रोवतो. त्यातून मुलाचा चाकू हरवला असे सिद्ध होत नाही, तो चाकू एकमेव नाही एवढेच होते. म्हाताऱ्याचा पाय ओढत चालण्याचा प्रयोग केला तर पंधराऐवजी एकेचाळीस सेकंद लागतात. त्यातून म्हातारा खोटे बोलला असे ठरत नाही. रेल्वे धडधडत जात असताना त्याला धमकीचा आवाज स्पष्ट ऐकू आला असेल का, असे विचारता येते. बाईच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे व्रण होते, हे बारा जणांतल्या सर्वांत वृद्ध माणसाला आठवते. म्हणजे झोपायच्या वेळी चष्म्याशिवाय तिला पलीकडचा माणूस ओळखता आला असेल का, एवढी शंका. एकही साक्ष खोटी पाडली जात नाही. प्रत्येक साक्षीला एक लहानसे भोक पडते.

इथे एक आक्षेप घेता येतो, आणि तो गंभीर आहे. ही भोके एकेकटी पाहिली तर ठीक; पण मुलगा निर्दोष असण्यासाठी ती सगळी एकाच वेळी खरी असायला हवीत. त्याच रात्री, त्याच घरात, त्याच माणसाला, तशाच चाकूने दुसऱ्या कुणी मारले. त्याच रात्री मुलाचा चाकू हरवला. त्याच रात्री दोन अनोळखी साक्षीदारांची एकाच माणसाविषयी चूक झाली. असे योगायोग एकावर एक रचले की संभव फार क्षीण होतो. गणित करायला बसलो तर तो मुलगा बहुधा दोषीच आहे, असे मलाही वाटते. हे मान्य करायला मला पुष्कळ वर्षे लागली, आणि मान्य केल्यावर चित्रपट लहान झाला नाही, मोठा झाला. 'बहुधा' एवढ्यावर एखाद्याला विजेच्या खुर्चीत बसवता येईल का, हाच तर तिथला प्रश्न आहे. अठरा वर्षांचा झोपडपट्टीतला मुलगा, सरकारने नेमून दिलेला आणि खटल्यात मुळीच रस नसलेला वकील, आणि ज्या उलटतपासणीने ही भोके न्यायालयातच दिसायला हवी होती ती झालेलीच नाही. फोंडाची सारी तक्रार ही आहे. तो मुलाची बाजू मांडत नाही; वकिलाने न केलेले काम उशिरा करीत आहे.

अर्थात ते काम ज्यूरीने करायचे नसते. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झालेल्या सोनिया सोटोमायोर यांनी २०१० साली एका कार्यक्रमात सांगितले होते की विद्यार्थिदशेत या चित्रपटाने त्यांच्यावर मोठा परिणाम केला. पण खालच्या न्यायालयात न्यायाधीश असताना मात्र त्या ज्यूरीला, त्या चित्रपटातल्यासारखे वागू नका, असे बजावत असत. स्वतः जाऊन चाकू विकत आणणे, पुराव्यात नसलेल्या गोष्टींवरून तर्क लढवणे, हे ज्यूरीला निषिद्ध आहे. या खोलीत जे घडते ते कायद्याच्या काटेकोर दृष्टीने बेकायदा आहे. ज्या चित्रपटाला आपण न्यायाची पोथी मानतो त्यात नियम पाळणारी माणसे एका मुलाला मारायला निघाली आहेत आणि नियम मोडणारा त्यांना थांबवतो, ही गंमत सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

ल्युमेटने मात्र एके ठिकाणी आपल्याला लाच दिली आहे. सुरुवातीला ज्यूरी उठून जात असताना त्या मुलाचा चेहरा काही क्षण पडद्यावर येतो. मोठे, ओले, घाबरलेले डोळे. पुढे तो पुन्हा दिसत नाही, पण तेवढे पुरते. तो चेहरा निब्बर, उद्दाम, ओठ मुडपून हसणारा असता तर? माझ्या मते त्या एका दृश्यामुळेच 'निरपराध' हा शब्द आपल्या तोंडी येतो. दुसरी लाच म्हणजे दोषी म्हणणाऱ्यांची स्वभावचित्रे. तिसऱ्याला (ली जे. कॉब) स्वतःच्या मुलाचा राग आहे, दहाव्याला झोपडपट्टीतल्या लोकांचा तिटकारा आहे, सातव्याच्या खिशात बेसबॉलच्या सामन्याचे तिकीट आहे. दोषी म्हणणाऱ्याचे काहीतरी बिघडलेलेच असते, असा समज त्यातून होतो.

याला अपवाद चौथा सदस्य. ई. जी. मार्शलने रंगवलेला हा दलाल कोट काढत नाही, आवाज चढवत नाही, आणि आपल्याला घाम येत नाही असे सांगतो. त्याला मुलाचा राग नाही, कुणाचाच नाही. त्याच्याकडे फक्त कारणे आहेत आणि ती चांगली कारणे आहेत. खरा वाद फोंडाचा आणि याचा आहे. कॉबचा थयथयाट हे नाटक झाले. मुलाला चित्रपटाचे नाव आठवत नाही यावर चौथ्याचा भर असतो, तेव्हा फोंडा त्याला काही दिवसांपूर्वी त्याने काय पाहिले ते विचारतो. तो नाव सांगताना चुकतो, आणि त्याच्या कपाळावर घामाचा पहिला थेंब येतो. तरीही तो मत बदलत नाही. बदलतो तो चष्म्याच्या व्रणांचा मुद्दा निघाल्यावर, आणि मग एकाच शांत वाक्यात. असा माणूस ज्यूरीत असावा असे मला वाटते. फोंडा नसला तरी एक वेळ चालेल.

असो. आता आपल्याकडे यायला हवे, कारण ही कथा आपल्याकडे आलेली आहे. बासू चटर्जी यांनी १९८६ साली 'एक रुका हुआ फैसला' काढला. तो बराचसा मूळ चित्रपटाबरहुकूम आहे. पंकज कपूरचा तिसरा सदस्य आणि अन्नू कपूरने तरुण वयात केलेला म्हातारा अनेकांच्या स्मरणात असेल. मात्र तो निघाला तेव्हा भारतातल्या फौजदारी न्यायालयांतून ज्यूरी जाऊन एक तप उलटले होते. नानावटी खटला हा शेवटचा ज्यूरी खटला असे अजूनही सर्रास लिहिले जाते ते खरे नाही. १९५९ साली मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटीला दोषी नाही ठरवले, सत्र न्यायाधीशांनी तो निर्णय न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, हे खरे. पण ज्यूरी त्यानंतरही काही ठिकाणी चालू होती. ती अखेर गेली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. (पारशी विवाहविषयक न्यायालयांतले प्रतिनिधी हे तिचे आपल्याकडे उरलेले अंश.) अशा देशात ज्यूरीवरचा चित्रपट लोकांनी मन लावून पाहिला, तो न्यायपद्धतीचे चित्र म्हणून नव्हे. एका सज्जनाने अकरा हट्टी माणसांना सुतासारखे सरळ केले, अशी ती आपल्यासाठी सत्याच्या विजयाची कथा झाली. सत्याचा विजय होण्यासाठी मुलगा निरपराध असणे आवश्यक होते. म्हणून आपण त्याला निरपराध करून टाकले.

यात आपल्या भाषेचाही हात असावा. इंग्रजी न्यायालयातली ज्यूरी 'नॉट गिल्टी' म्हणते. म्हणजे दोषी नाही. सरकारी पक्षाला दोष सिद्ध करता आला नाही, एवढेच. आरोपी निष्पाप आहे असे प्रमाणपत्र देण्याचे तिला अधिकारही नाहीत आणि कारणही नाही. मराठी वृत्तपत्र त्याच गोष्टीला 'निर्दोष मुक्तता' म्हणते. 'निर्दोष' हा शब्द ऐकला की डाग नसलेल्या माणसाचे चित्र डोळ्यापुढे येते. तेवढे मानायला मन तयार नसते, मग आपण त्याला एक शेपूट जोडतो: 'पुराव्याअभावी'. पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता! ऐकणाऱ्याने डोळा मिचकावावा अशीच ही शब्दयोजना आहे. केले त्यानेच, पण सुटला. 'संशयाचा फायदा' याचीही तीच गत. फायदा म्हटला की तो कुणीतरी उपटलेला असतो. ज्या तत्त्वावर सारी फौजदारी न्यायव्यवस्था उभी आहे, ते आपल्या बोलण्यात आरोपीने साधलेली चलाखी होऊन बसते. दोषी आणि निष्पाप यांच्यामध्ये 'सिद्ध झालेले नाही' अशी जागा असते. तिला घरगुती मराठीत शब्द नाही, आणि शब्द नसल्यामुळे आपण त्या जागेवर उभे राहायलाच शिकलो नाही, असे माझे मत आहे.

ही शब्दांची कसरत वाटेल, म्हणून एक प्रकरण सांगतो. २००३ साली नाशिक भागात एका कुटुंबातल्या पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. मार्च २०१९ मध्ये, फेरविचारानंतर, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडले. जिवंत राहिलेल्या प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून भलत्याच चार जणांना ओळखले होते, आणि ही गोष्ट पुढे आलीच नव्हती. सहा माणसे सोळा वर्षे तुरुंगात होती, त्यांतली बरीचशी फाशीच्या छायेत. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास राज्य सरकारला सांगितले. या कथेत फोंडा नव्हता. तीन न्यायालयांतल्या विद्वान, अनुभवी न्यायाधीशांनी डोळ्यांनी पाहिल्याचे सांगणाऱ्या व्यक्तीवर विश्वास ठेवला होता, आणि साक्षीदार खोटे बोलत होता असे म्हणायलाही जागा नाही. रस्त्यापलीकडची ती चष्मेवाली बाई तरी कुठे खोटे बोलत होती?

हे सगळे मनात असताना क्लिंट ईस्टवुडचा 'ज्युरर नंबर टू' पाहिला. २०२४ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्याने तो केला, आणि निर्मात्या स्टुडिओने तो अमेरिकेत पन्नासहूनही कमी चित्रपटगृहांत कसाबसा लावला. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरातला खटला आहे. एका पावसाळी रात्री दारूच्या गुत्त्यात एका जोडप्याचे भांडण होते, बाई तिरमिरीत पायी निघून जाते, आणि पुलाखाली तिचे प्रेत सापडते. प्रियकर दांडगट, पूर्वी गुन्हेगारी टोळीत असलेला. त्याच्यावर खुनाचा खटला उभा राहतो. ज्यूरीतला दोन नंबरचा सदस्य जस्टिन (निकोलस होल्ट) पहिल्याच दिवशी तपशील ऐकतो आणि त्याला कापरे भरते. त्याच रात्री, त्याच रस्त्यावर त्याच्या मोटारीला काहीतरी धडकले होते. हरीण असावे असे समजून तो पुढे गेला होता.

पटकथेतला योगायोग अवजड आहे, हे मान्य. पण तो एकदा गिळला की ईस्टवुडने काय केले ते दिसू लागते. त्याने फोंडाच्या खुर्चीत खऱ्या अपराध्याला बसवले आहे. पहिल्या मतदानात सगळे 'दोषी' म्हणत असताना जस्टिन एकटा वेगळे मत देतो आणि निदान चर्चा तरी करू या म्हणतो. प्रसंग तोच, जवळजवळ तीच वाक्यरचना. फोंडाच्या संशयाला काही किंमत मोजावी लागत नव्हती. संध्याकाळी घरी जायला उशीर झाला असता, एवढेच. जस्टिनला आरोपी सुटायला हवा आहे, कारण त्याचे मन त्याला खाते आहे; आणि आरोपी सुटायला नको आहे, कारण मग पोलीस दुसरा कोणी शोधू लागतील. घरी बायको गरोदर आहे. तो दारूच्या व्यसनातून सावरलेला आहे. त्या रात्री दारू मागवून ती प्यायला नव्हता यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असे त्याचा वकील मित्रच सांगतो. ज्यूरीतला निवृत्त पोलीस (जे. के. सिमन्स) हा अपघात असावा असे ओळखून स्वतःच चौकशी करू लागतो, फोंडाने चाकू आणावा तशी. तेव्हा जस्टिन त्याचे कागद मुद्दाम खाली पडू देतो, ते अधिकाऱ्याच्या नजरेस येतात, आणि नियम मोडल्याबद्दल तो माणूस ज्यूरीतून काढला जातो. नियम इथे अचूक पाळला जातो, आणि ज्याला सत्य सापडत आले होते तो दाराबाहेर होतो. सोटोमायोरबाईंचा आक्षेप ईस्टवुडने असा चित्रपटाच्या आत आणून ठेवला आहे.

इथेही एक प्रत्यक्षदर्शी आहे. पुलाजवळ राहणाऱ्या म्हाताऱ्याने मोटारीबाहेर उभा असलेला माणूस पाहिलेला असतो, आणि तो आरोपीच होता असे तो ठामपणे सांगतो. सरकारी वकील फेथ किलब्रू (टोनी कोलेट) नंतर त्याच्याकडे जाते तेव्हा उमगते की पोलिसांची खात्री हीच त्याची खात्री झाली होती. त्याला मदत करायची होती. या बाईचे पात्र मला या चित्रपटातले सर्वांत मोलाचे वाटले. ती निवडणुकीला उभी आहे, हा खटला जिंकणे तिला हवे आहे, आणि तरीही ती दुष्ट नाही. बचाव पक्षाचा वकीलही इथे निष्काळजी नाही. पोलीस, डॉक्टर, साक्षीदार, वकील, सगळे आपापले काम बऱ्यापैकी सचोटीने करतात आणि एका माणसाला जन्मठेप होते, सुटकेची आशा नसलेली.

मी वर हिचकॉकविषयी जी तक्रार केली ती ईस्टवुडलाही लागू आहे, हे लपवत नाही. आरोपीने खून केलेला नाही हे तोही आपल्याला लवकरच सांगून टाकतो. पण हिचकॉकच्या चित्रपटात ते ज्ञान आपल्याला पीडिताच्या बाजूला नेऊन बसवते. इथे ते जस्टिनच्या बाजूला बसवते. तो पकडला जाऊ नये असे मला वाटत होते. चांगला मुलगा आहे, बाळ होणार आहे, त्याने मुद्दाम काही केलेले नाही. आरोपी असाही दांडगटच आहे, बायकांवर हात उगारणारा. थोडा वेळ आत राहिला तर काय बिघडले? हा विचार माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आला, आणि तो ज्यूरीतल्या दहाव्या सदस्याचा विचार आहे हे लक्षात यायला दोन-तीन दिवस लागले. ल्युमेटच्या खोलीत मी कायम फोंडाशेजारी बसत आलो होतो.

चित्रपटाच्या आरंभी जस्टिन बायकोच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तिला बाळासाठी सजवलेली खोली दाखवायला आणतो. पुढे न्यायालयाबाहेरच्या न्यायदेवतेच्या पुतळ्याकडे कॅमेरा वळतो तेव्हा ती पट्टी आठवते. (आपल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेचा डोळ्यांवर पट्टी नसलेला नवा पुतळा आला तोही २०२४ च्या ऑक्टोबरातच. उघड्या डोळ्यांनी तिला काय दिसेल, याबद्दल तेव्हा पुष्कळ गोड बोलले गेले.) निकालानंतर किलब्रू आणि जस्टिन न्यायालयाबाहेरच्या बाकावर शेजारी बसतात आणि काहीही कबूल न करता सगळे बोलतात. आपल्याला जे ठाऊक आहे ते तिलाही आता ठाऊक झाले आहे; पण ठाऊक असणे वेगळे आणि सिद्ध करता येणे वेगळे, हे दोघांनाही कळते. मग बाळ झालेले असते, घर उजळलेले असते, आणि दारावर थाप पडते. जस्टिन दार उघडतो. बाहेर ती उभी असते. दोघे एकमेकांकडे पाहतात आणि पडदा काळा होतो.

ल्युमेटचा चित्रपट पाऊस थांबल्यावर न्यायालयाच्या पायऱ्यांवर संपतो. फोंडा आणि तो म्हातारा एकमेकांना नाव विचारतात, कारण इतका वेळ ते फक्त क्रमांक होते, आणि आपापल्या वाटेने निघून जातात. तो मुलगा त्या वेळी कुठे असेल, त्याला निकाल सांगितला गेला असेल का, सुटल्यावर तो कोणत्या घरी जाईल आणि शेजारचे लोक त्याच्याविषयी काय म्हणतील, हे ल्युमेटने दाखवलेले नाही. शेजारचे काय म्हणतील ते मात्र मला ठाऊक आहे.